कार्यालयीन ईमेलचा शिष्टाचार

नोकरी-व्यवसायातल्या ईमेलमध्ये मायना, विषय, मजकूर, प्रती आणि पोच यांबाबत पाळायचे संकेत. अमेरिकी संगणक अभियंते रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये ‘ॲट’ चिन्ह वापरून एका संगणकावरून दुसऱ्यावर संदेश पाठवला. संकेत मात्र हळूहळू, वापरातून घडत गेले. ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी १८५५’ या इंटरनेटवरच्या शिष्टाचाराविषयीच्या दस्तऐवजात त्यांची मांडणी आहे. विषयाची ओळ मजकुराला धरून असावी आणि रागाचे उत्तर रात्रभर थांबवून मग पाठवावे, या त्यातल्या सूचना आजही जशाच्या तशा लागू आहेत. सगळी मोठी रोमन अक्षरे म्हणजे ओरडणे, हा संकेतही त्यात आहे. देवनागरीत अक्षरांचा तसा भेद नाही. तिथे ओळीने टाकलेली उद्गारचिन्हे आणि लाल ठळक अक्षरे तेच काम करतात.

मराठीला लेखी अदब नवी नाही. मोडी पत्रे ‘राजमान्य राजेश्री’ने सुरू होत आणि ‘बहुत काय लिहिणे, हे विनंति’ म्हणून संपत. पुढे सरकारी पत्रांतून ‘महोदय’ आणि ‘आपला विश्वासू’ रुळले. ईमेलमध्ये ‘नमस्कार’ आणि नावापुढे सर, मॅडम किंवा ताई एवढे पुरते.

मराठीत विनंतीचा खरा भार क्रियापद उचलते. ‘कृपया फाईल पाठवा’ यात ‘कृपया’ असूनही हुकूम ऐकू येतो. ‘फाईल दुपारी चारपर्यंत पाठवाल का? उद्या सकाळच्या बैठकीत ती लागणार आहे’ यात ‘कृपया’ नाही, पण वेळ आहे, कारण आहे आणि समोरच्याला अडचण सांगायला जागाही आहे. ‘कळविण्यात यावे’ हे रूप सरकारी पत्रात शोभते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ते परके वाटते.

‘सीसी’ हे नाव टंकलेखन यंत्रात कागदांमध्ये कार्बन घालून काढलेल्या प्रतीवरून आले. ज्याला माहिती हवी त्याला प्रत जावी. सहकाऱ्याची चूक दाखवताना साहेबांना प्रत ठेवली, की साधी दुरुस्तीसुद्धा तक्रार होऊन बसते. असा मेल त्या एकट्यालाच पाठवावा. सर्वांना उत्तर देण्याचे बटण दाबण्यापूर्वीही यादी एकदा वाचावी.

पोच देणे हा या शिष्टाचारातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. उत्तर तयार नसले तरी ‘मेल मिळाला, आकडे तपासून गुरुवारी कळवतो’ एवढी ओळ लिहायला अर्धे मिनिट लागते, आणि पलीकडच्या माणसाला पुन्हा विचारावे लागत नाही.