सॅटर्न: जीएमनेच जीएमला पर्याय म्हणून काढलेली गाडी

२०१० च्या ३१ ऑक्टोबरला जनरल मोटर्सच्या (जीएम) सॅटर्न या गाड्यांच्या ब्रँडचे अमेरिकेतले उरलेसुरले डीलर बंद झाले. ब्रँड जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तिकडच्या कुठल्याही जुन्या सॅटर्नवाल्यापुढे नुसता विषय काढा, तो गाडीबद्दल कमी आणि शोरूमबद्दल जास्त बोलेल. हे जरा विचित्रच आहे. प्लिमथ गेली, ऑल्ड्समोबिल २००४ ला गेली, पॉन्टिअ‍ॅक तर सॅटर्नबरोबरच गेली, पण त्यांच्या आठवणी निघतात त्या इंजिनाच्या, आवाजाच्या, मागच्या लांबलचक सीटच्या. सॅटर्नची आठवण काय, तर "त्यांनी आम्हाला फसवलं नाही". मला वाटतं या ब्रँडचं चढणं आणि पडणं दोन्ही या एका वाक्यातच आहे.

आधी सत्तरच्या दशकात जावं लागेल. ७३ ला आणि परत ७९ ला तेलाचे भाव भडकले, अमेरिकन माणसाला अचानक छोटी गाडी हवीशी झाली आणि छोटी गाडी नीट बनवता येत होती ती जपान्यांना. जीएम तेव्हा जगातली सगळ्यात मोठी गाड्यांची कंपनी, अमेरिकेत खपणाऱ्या दहा गाड्यांतल्या चारहून जास्त यांच्याच. पण छोटी गाडी म्हणून त्यांनी जी शेवरोले वेगा काढली होती तिचं इंजिन तापायचं आणि पत्रा गंजायचा, आणि ज्यांनी ती घेतली त्यातले कितीतरी लोक पुढे टोयोटा नाहीतर होंडाकडे गेले ते परत फिरकलेच नाहीत. खरा प्रॉब्लेम हा होता. चांगली छोटी गाडी बनवली असती तरी जीएमचं नाव बघूनच गिऱ्हाईक पुढे निघून जाणार होतं.

मग १९८२ ला आतल्या आत एक प्रोजेक्ट सुरू झाला, नाव सॅटर्न, चंद्रावर माणूस नेणाऱ्या रॉकेटवरून. अंतराळाच्या शर्यतीत रशिया आधी पुढे होता आणि मग अमेरिकेने गाठलं, तसं आता जपानला गाठायचं हा त्यामागचा हिशोब. ८३ च्या नोव्हेंबरमध्ये ते जाहीर झालं आणि ७ जानेवारी १९८५ ला चेअरमन रॉजर स्मिथने सॅटर्न ही वेगळी कंपनीच काढली. म्हणजे शेवरोलेचं नवं मॉडेल वगैरे नाही, वेगळा कारखाना, वेगळे डीलर, वेगळा युनियन करार. ५ अब्ज डॉलरचा आकडा सांगितला गेला, पुढे तो कमी केला. (याच सुमारास कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जीएम आणि टोयोटाचा एकत्र प्लांट चालू झाला होता आणि जीएमने वैतागून बंद केलेल्या त्या कारखान्यातल्या बऱ्याचशा त्याच कामगारांकडून टोयोटाने उत्तम गाड्या काढून दाखवल्या होत्या. म्हणजे खोट कामगारात नाही हे जीएमला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं, तरी बाकीच्या कारखान्यांत ते उतरवायला त्यांना फार वर्षं लागली.)

कारखाना कुठे होणार यावरून राज्याराज्यांत अशी चुरस लागली की काही गव्हर्नर टीव्हीवरच्या टॉक शोमध्ये जाऊन आपापल्या राज्याची बाजू मांडून आले. शेवटी मिळाला टेनेसीला, नॅशव्हिलच्या दक्षिणेला स्प्रिंग हिल नावाचं हजार-दीड हजार वस्तीचं गाव होतं तिथे.

युनियनचा भाग मला यात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. युनायटेड ऑटो वर्कर्सचा जीएमशी नेहमीचा करार म्हणजे कोण कुठलं काम करणार आणि कुठलं नाही याच्या नियमांचे गठ्ठे. सॅटर्नचा करार त्यामानाने थोडक्या पानांचा, त्यात ठरलं असं की कामगारांच्या छोट्या टीम करायच्या, कामं टीमने आपसात वाटून घ्यायची, मॅनेजमेंटच्या प्रत्येक पातळीवर युनियनचा माणूस शेजारी बसणार, पगाराचा काही भाग क्वालिटी आणि ट्रेनिंगवर अवलंबून, आणि लाइनवर चूक दिसली तर कामगार लाइन थांबवू शकणार. यासाठी देशभरातल्या जीएमच्या प्लांटमधून लोक घरदार हलवून टेनेसीला आले आणि येताना जुन्या प्लांटमध्ये परत जायचा हक्क सोडून आले. युनियनकडून हे जमवून आणलं डॉन एफलिन यांनी आणि युनियनमधल्याच बऱ्याच लोकांना ते पटलेलं नव्हतं, हा विरोध पुढे भोवला.

३० जुलै १९९० ला पहिली गाडी लाइनवरून उतरली, लाल रंगाची, चालवायला रॉजर स्मिथ आणि बरोबर युनियनचे अध्यक्ष ओवेन बीबर. दुसऱ्या दिवशी स्मिथ रिटायर. म्हणजे ज्याने हे पोर जन्माला घातलं त्याने बारसं करून लगेच निरोप घेतला आणि मागे राहिले ते लोक ज्यांना हे पैसे आपल्या ब्रँडवर खर्च व्हायला हवे होते.

गाडी कशी होती? बरी होती. फार ग्रेट नाही. १.९ लिटरचं इंजिन, साध्या व्हर्जनला ८५ हॉर्सपॉवर, भारी व्हर्जनला १२३, मायलेज छान, इंजिनाचा आवाज मात्र जरा खरखरीत. सगळ्यात स्वस्त सेडान ७,९९५ डॉलरला. खास गोष्ट म्हणजे आतमध्ये स्टीलचा सांगाडा आणि बाहेरून दारं, फेंडर हे सगळं प्लास्टिकचं, फक्त छप्पर, बॉनेट आणि डिकीचं झाकण स्टीलचं. शोरूममध्ये दारावर लाथ मारून दाखवायचे. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये कुणाची ट्रॉली येऊन आपटली तरी डेंट नाही, आणि बर्फावर मीठ टाकतात त्या राज्यांत दारं कुजायची नाहीत हे मालकांना फारच आवडलं. त्याची किंमत एवढीच की प्लास्टिक उन्हात फुगतं म्हणून दोन पॅनलमध्ये फट मोठी ठेवावी लागायची आणि त्यामुळे नवी कोरी गाडीही नीट न बसवल्यासारखी दिसायची.

पण लोक भाळले ते विकण्याच्या पद्धतीवर. अमेरिकेत घर सोडलं तर मोठी घासाघीस होते ती गाडीचीच, आणि गाडीच्या डीलरची तिकडे ख्याती म्हणजे गोड बोलून तासनतास बसवून ठेवणारा माणूस, दर वेळी "मॅनेजरला विचारून येतो" म्हणून आत जाणार आणि बाहेर येऊन नवा आकडा सांगणार. आपल्याकडे कापडाच्या दुकानात "एकच भाव" अशी पाटी असते तसं सॅटर्नने केलं, जी किंमत लिहिलीय तीच, शेजाऱ्यालाही तीच. बऱ्याच ठिकाणी सेल्समनला कमिशन नाही, पगार. ३० दिवस किंवा १,५०० मैलांच्या आत गाडी नाही आवडली तर आणून द्या. आणि डिलिव्हरीच्या दिवशी सगळा स्टाफ गोळा होऊन टाळ्या वाजवणार, गाडीबरोबर तुमचा फोटो काढणार. आता वाचताना जरा बालिश वाटतं, पण ज्याने आधीच्या शोरूममध्ये तीन तास डोकं खाऊन घेतलंय त्याला विचारा.

हे नुसत्या चांगुलपणाने जमत नव्हतं, त्यामागे व्यवस्था होती. शेवरोलेचे डीलर एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे एकाकडचा भाव दुसऱ्याकडे सांगून पाडता यायचा. सॅटर्नने मुळात डीलरच थोडे नेमले आणि एकेकाला मोठा इलाखा दिला, म्हणजे भाव पाडायला जवळ दुसरा सॅटर्नवाला नाहीच, जो काही चढाओढ करणार तो होंडा-टोयोटाशी. त्यामुळे डीलरला एकच भाव ठेवणं परवडत होतं. ग्राहकांच्या समाधानाच्या सर्व्हेत ही स्वस्तातली गाडी लेक्सस आणि इन्फिनिटी या महागड्या ब्रँडच्या पंक्तीत जाऊन बसली.

१९९१ ला एक गोष्ट घडली ती मालक मंडळी अजून सांगतात. सप्लायरकडून खराब कूलंट आलं आणि ते १,८३६ गाड्यांत भरलं गेलं. दुसऱ्या कंपनीने इंजिन धुऊन दिलं असतं, सॅटर्नने सरळ गाड्याच बदलून नव्या दिल्या. ९३ ला वायरिंग गरम होऊन आग लागू शकते म्हणून साडेतीन लाखांवर गाड्या परत बोलवायला लागल्या, पण तेही डीलरांनी असं सांभाळलं की ओरड झाली नाही. आणि ९४ च्या जूनमध्ये कंपनीने मालकांना कारखाना बघायला बोलावलं तर ४०,०००हून जास्त लोक आपापल्या गाड्या हाकत स्प्रिंग हिलला पोचले. आठ हजार डॉलरच्या गाडीसाठी! त्याच वर्षी विक्री २,८६,००० च्या वर गेली आणि तो आकडा सॅटर्नला परत कधी गाठता आला नाही.

कारण गाडी तीच राहिली. ९२ ला जीएमचा तोटा २३ अब्ज डॉलरच्या पुढे गेला, वरची माणसं बदलली, आणि शेवरोले-ऑल्ड्समोबिलवाले म्हणायला लागले की आमच्या वाट्याचे पैसे टेनेसीत जिरतायत. सॅटर्नने नफा सांगितला तो ९३ च्या एका वर्षाचा. ज्या पोरांनी कॉलेज संपल्यावर सॅटर्न घेतली त्यांची लग्नं झाली, मुलं झाली, त्यांना मोठी गाडी हवी होती आणि सॅटर्नकडे मोठी गाडीच नाही, मग ते बिचारे शोरूममध्ये हळहळून टोयोटाची कॅमरी घ्यायला गेले. मोठी सेडान आली ती १९९९ मध्ये, एल सिरीज, ओपेल या जीएमच्या तेव्हाच्या जर्मन ब्रँडच्या व्हेक्ट्रावर बेतलेली, आणि ती स्प्रिंग हिलला नाही तर डेलावेअरच्या जुन्या जीएम प्लांटमध्ये नेहमीच्या करारावर बनली. चालली नाही. मधल्या काळात जीएमची ईव्ही१ ही इलेक्ट्रिक गाडी कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोनात सॅटर्नच्या डीलरांकडून लीजवर दिली जायची, ती विकत मिळायची नाहीच, आणि पुढे परत घेऊन बहुतेक सगळ्या चिरडून टाकल्या. लीजवाले लोक रस्त्यावर बसून निदर्शनं करत होते. सॅटर्नवाल्या गिऱ्हाइकाचा जीव असा अडकायचा.

२००३ ला जुन्या एस सिरीजच्या (म्हणजे सुरुवातीपासूनच्या त्या छोट्या गाडीच्या) जागी आयन आली आणि तिथे बरेच जुने मालक सुटले. आतलं प्लास्टिक स्वस्तातलं, मीटर डॅशबोर्डच्या मधोमध, आणि त्यातल्या काही गाड्यांना व व्ह्यू एसयूव्हीला जो सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स होता तो इतका बिघडायचा की जीएमला वॉरंटी वाढवून द्यावी लागली. त्याच सुमारास स्प्रिंग हिलच्या कामगारांनीच मतदान करून तो वेगळा करार सोडला आणि नेहमीचा राष्ट्रीय करार घेतला. त्यांना दोष देता येत नाही, नवं मॉडेल येणार नसेल तर भागीदारी कशाची? आयनचं खरं प्रकरण तर नंतर बाहेर आलं. तिचं इग्निशन स्विच ढिलं होतं, किल्ली धक्क्याने फिरून चालत्या गाडीत इंजिन बंद आणि एअरबॅगही बंद. आयन बाजारात यायच्या आधीच, २००१ मध्ये, कंपनीत याची नोंद झाली होती, रिकॉल झाला २०१४ ला. हेच स्विच असलेल्या शेवरोले कोबाल्ट वगैरे गाड्या धरून भरपाई देणाऱ्या समितीने १२४ मृत्यू या स्विचच्या खात्यात धरले. "त्यांनी आम्हाला फसवलं नाही" म्हणणाऱ्यांच्या ब्रँडमध्येच हे व्हावं याहून वाईट काय.

शेवटी शेवटी गाड्या चांगल्या आल्या ही अजून एक गंमत. ऑरा २००७ ला नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर झाली, स्काय ही छोटी रोडस्टर (उघड्या टपाची दोन सीटची गाडी) दिसायला झकास, अ‍ॅस्ट्रा तर बेल्जियमहून तयार यायची. पण या सगळ्या ओपेल नाहीतर जीएमच्या दुसऱ्या ब्रँडच्या भावंडं, प्लास्टिकची दारंही गेली. २००८ ची नवी व्ह्यू म्हणजे ओपेल अंतारा, म्हणजे आपल्याकडे शेवरोले कॅप्टिव्हा म्हणून जी गाडी विकली जायची तिची सख्खी बहीण. जे लोक जीएम नको म्हणून सॅटर्नकडे आले होते त्यांना शोरूममध्ये आता जीएमच दिसत होती.

१ जून २००९ ला जीएमने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच महिन्यात गाड्यांच्या डीलरशिपचा मोठा धंदा असलेले रॉजर पेन्स्के सॅटर्न घेणार असं ठरलं, साडेतीनशेच्या आसपास डीलर वाचणार म्हणून आनंद झाला. पेन्स्केची कल्पना अशी की सुरुवातीची काही वर्षं जीएमकडून गाड्या बनवून घ्यायच्या आणि मग दुसऱ्या कंपनीकडून. ती दुसरी कंपनी होती रेनॉ, आणि रेनॉच्या बोर्डाने नाही म्हटलं. ३० सप्टेंबर २००९ ला व्यवहार मोडला. स्प्रिंग हिलचा कारखाना मात्र चालू आहे, तिथे आता कॅडिलॅकची इलेक्ट्रिक लिरिक बनते.

ब्रँड गेल्यावर मालकांचं काय झालं? सर्व्हिस आणि वॉरंटी जीएमच्या बाकीच्या डीलरांकडे गेली, २०१७ ला शेवरोलेने भारतात विक्री थांबवल्यावर पुण्या-मुंबईतल्या बीट-क्रूझवाल्यांची जी पार्टची शोधाशोध झाली साधारण तशीच त्यांचीही, फक्त तिकडे भंगारयार्ड मोठी. एस सिरीजचे पॅनल बोल्टवर बसतात म्हणून यार्डातून दुसऱ्या रंगाचं दार आणून घरी बसवणं सोपं, त्यामुळे चट्ट्यापट्ट्याची सॅटर्न अजून दिसते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा फिल्टरसुद्धा ऑइल फिल्टरसारखा बाहेरून फिरवून निघतो, असं दुसऱ्या कुणी का केलं नाही कळत नाही. पण दोन गोष्टी कुठलाही जुना मालक सांगेल. एक, बाहेरून चकचकीत असली तरी खाली वाकून स्टीलचा सांगाडा बघा, गंज तिथे असतो. आणि दोन, हे १.९ चं इंजिन ऑइल पितं, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, खाली एक थेंब दिसणार नाही आणि ऑइल मात्र संपलेलं, मग टायमिंग चेन जाते. म्हणून पेट्रोल भरलं की डीपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघायचीच, आणि विकत घेणार असाल तर इंजिन चालू करायच्या आधी.