नियतकालिकाचा आकडा, प्राध्यापकाची फाइल

प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या फाइलीत इम्पॅक्ट फॅक्टरला, म्हणजे नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती सायटेशन (नंतरच्या लेखनातले संदर्भ-उल्लेख) मिळतात त्या आकड्याला, गुण मिळू लागले ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीपासून. आज सायटेशनवरून जे वाद होतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ आपल्याकडे तरी याच एका निर्णयात आहे.

सायटेशन सूचीची कल्पना १९५५ मध्ये अमेरिकेत मांडली गेली. एका निबंधाचा आधार पुढे कोणी कोणी घेतला हे शोधता यावं, एवढाच तिचा मूळ उद्देश होता. अमेरिकी वकील जुन्या निकालांसाठी असली सूची एकोणिसाव्या शतकापासून वापरत होते. १९७५ पासून नियतकालिकांचे इम्पॅक्ट फॅक्टर देणारा वार्षिक अहवाल निघू लागला. कोणती नियतकालिकं घ्यायची हे ठरवायला ग्रंथपालांना त्याचा उपयोग होई. माणसं मोजण्याचा प्रश्न तेव्हा नव्हताच.

घोळ आकड्यातच आहे. २०२२ आणि २०२३ मधल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतल्या निबंधांची संख्या, हा झाला २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर. पण भागाकारात वर संपादकीय आणि वाचकांच्या पत्रांना मिळालेली सायटेशनही धरली जातात, खाली मात्र फक्त शोधनिबंध आणि आढावा लेख. शिवाय ही सरासरी आहे. मूठभर निबंध भरघोस सायटेशन खेचतात आणि त्याच अंकातल्या बाकीच्यांचा दर्जाही वाढल्यासारखा दिसतो. दोन वर्षांची मुदत जीवरसायनशास्त्राला पुरते. गणिताला ती अपुरी पडते, इतिहासाला तर फारच.

तरीही २०१० च्या तक्त्यात तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला १५ गुण होते आणि इम्पॅक्ट फॅक्टर १ ते २ असेल तर वर आणखी १०, २ ते ५ असेल तर १५, ५ ते १० असेल तर २५. म्हणजे निबंध न वाचता, तो कुठे छापला एवढ्यावर लेखकाचं मोल ठरायचं. मराठीतून समाजशास्त्र किंवा साहित्यसमीक्षा लिहिणाऱ्याला या जादा गुणांची वाटच नव्हती, कारण त्याची नियतकालिकं त्या अहवालात नाहीत आणि त्याला मिळणारी सायटेशन बहुधा पुस्तकांत असतात, जी सहसा मोजली जात नाहीत. हा अन्याय कोणाच्या ध्यानात आला नसेल, असं मानणं कठीण आहे.

मागणी आली तसा पुरवठाही आला. पैसे घेऊन 'इम्पॅक्ट फॅक्टर' बहाल करणारी दुकानं निघाली. एकदिवसीय चर्चासत्र आणि त्याचा आयएसएसएन (नियतकालिकांचा नोंदणी क्रमांक) छापलेला जाडजूड विशेषांक हे महाविद्यालयांत नेहमीचं झालं. २०१७ मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली आणि मे २०१८ मध्ये तिच्यातली ४,३०५ नावं वगळली. विद्यापीठांनी सुचवलेल्या नावांतला एक नमुना पुण्यातल्या अभ्यासकांनी तपासला, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकं निकृष्ट असल्याचा निष्कर्ष निघाला. पुढे आयोगाच्या 'केअर' या दर्जेदार नियतकालिकांच्या नव्या यादीचा कक्षही पुण्यातच आला आणि जून २०१९ मध्ये यादी खुली झाली. तिच्यात भारतीय भाषांतल्या नियतकालिकांना जागा मिळाली, हे तिचं खरं श्रेय.

गुणांचा तक्ता मात्र त्याच वळणाचा राहिला. २०१८ च्या नियमावलीत इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या निबंधाला ५ जादा गुण आणि १० च्या वर असेल तर ३०. आकडा ज्या कंपनीच्या यादीवरून धरायचा असं त्यात लिहिलं, तिने तो व्यवसाय २०१६ मध्येच विकून टाकला होता. इम्पॅक्ट फॅक्टरसारख्या नियतकालिकांच्या आकड्यांवरून व्यक्तींचं मूल्यमापन करू नये, असं संपादक आणि संशोधकांचं आवाहन सॅन फ्रान्सिस्कोतून येऊनही तोवर पाच वर्षं झाली होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादी बंद झाली. नियतकालिकं पारखण्याचे निकष सुचवून जबाबदारी संस्थांवर सोपवली गेली. २०१८ चा गुणतक्ता त्या सूचनेने रद्द झाला नाही, आणि त्यात 'आयोगाच्या यादीतील नियतकालिके' हे शब्द तसेच होते.