पिकअपच्या हौद्याचं सॉफ्ट कव्हर (टोनो कव्हर)

पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यावर ताणून बसवायचं कापडी किंवा व्हिनाइलचं झाकण म्हणजे सॉफ्ट कव्हर, याला टोनो कव्हर पण म्हणतात. टोनो हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ पिंप. सुरुवातीच्या काळातल्या मोटारींच्या मागच्या सीटच्या भागाला हे नाव पडलं, मग उघड्या गाडीचा तो भाग झाकायच्या कापडाला टोनो कव्हर म्हणायला लागले आणि तिथून ते पिकअपवर आलं. ताडपत्री आणि हे एकच असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ताडपत्री मालावर टाकून दोरीने आवळतात, ती मालाचा आकार घेते, आणि हे कव्हर मात्र हौद्याच्या काठांवर क्लॅम्पने पकडलेल्या ॲल्युमिनियमच्या रेलवर ढोलाच्या पानासारखं ताठ राहतं, खाली माल असो वा नसो. म्हणूनच काठाच्या वर येणारा माल याच्याखाली मावत नाही, कोंबला तर कापड ताणून शिवण उसवते.

प्रकार मुख्य तीन. रोल-अप म्हणजे सतरंजीसारखं केबिनकडे गुंडाळायचं, कडेला वेल्क्रो किंवा रेलमध्ये अडकणारी पट्टी असते, गुंडाळी पट्ट्यांनी बांधली की जवळजवळ सगळा हौदा मोकळा होतो. फोल्डिंगमध्ये कापड चौकटींवर ताणलेलं असतं आणि ते तीन घड्यांत दुमडतं, बसवायला सगळ्यात सोपं, बरेचदा वेगळी रेल लागतच नाही, पण दुमडलेली घडी केबिनजवळ राहते आणि ती उभी केली तर मागची काच झाकते. तिसरं बटणांचं, स्वस्त आणि हलकं, पण रोज उघडझाप करायची असेल तर माझ्या मते घेऊ नये, थंडीत कापड आकसलं की शेवटची दोन बटणं लावताना बोटं दुखून येतात. सारखा माल चढवणाऱ्याने रोल-अप बघावं, कधीमधी कव्हर पूर्ण काढून ठेवणाऱ्याने फोल्डिंग.

निवडताना लोक रंग आणि कापडाची जाडी बघत बसतात, खरी चूक होते ती मापात. माप घ्यायचं हौद्याच्या आतून, केबिनकडच्या भिंतीच्या आतल्या बाजूपासून बंद केलेल्या फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या दाराच्या) आतल्या बाजूपर्यंत, आणि टेप काठाच्या उंचीवर धरायची, तळाला नाही. साधारणपणे हौदे ५.५, ६.५ आणि ८ फुटांचे म्हणून ओळखले जातात, डबल कॅबवाल्यांचे (केबिनमध्ये सीटच्या दोन रांगा असलेल्यांचे) ५ फुटांच्या आसपास, पण हे बोलायचे आकडे झाले, प्रत्यक्षात काही इंच इकडेतिकडे असतात म्हणून इंचातलं माप, मॉडेल आणि बनावटीचं वर्ष तिन्ही जुळवावं, कारण नाव तेच राहून बॉडी बदललेली असते. शिवाय हौद्यात प्लास्टिकचं लायनर आहे का आणि ते काठावर वळून आलंय का हे बघा. आलं असेल तर क्लॅम्पला पकडायला पत्राच मिळत नाही, तेवढ्या जागी लायनर कापावं लागतं. केबिनला लागून टूलबॉक्स असेल तर त्यासाठी आखूड कव्हर वेगळं मिळतं, नेहमीचं बसत नाही.

आता बसवणं. दोन माणसं असतील तर बरं, एकट्यानेही जमतं. आधी काठ धुऊन पूर्ण कोरडे करायचे, मग केबिनकडच्या काठावर रबराची सील पट्टी चिकटवायची, मग दोन्ही रेल ठेवायच्या आणि क्लॅम्प नुसते हाताने अडकवायचे. इथे घाई करू नका. दोन्ही रेल केबिनपासून सारख्या अंतरावर हव्यात, दोघींमधलं अंतर पुढे आणि मागे सारखं हवं, आणि डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून उजव्या मागच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण दुसऱ्या कर्णाइतका भरला पाहिजे, म्हणजे चौकट गुण्यात आहे. मी पहिल्यांदा लावलं तेव्हा डावी रेल बोटभर मागे राहिली होती, दिसायला काही नाही, पण एका बाजूचं वेल्क्रो तिरकं बसायचं आणि हायवेला वेग घेतला की मागचा कोपरा फडफडायचा. मी आठवडाभर कापडाला दोष देत होतो, शेवटी सगळे क्लॅम्प सैल करून रेल सरकवली आणि फडफड थांबली. कव्हर झोल खातंय, गळतंय अशा तक्रारींचं मूळ बरेचदा असं रेलमध्येच असतं.

माप जुळलं की पान्याने क्लॅम्प आवळायचे, एकदम एक पूर्ण न आवळता डावा-उजवा थोडाथोडा. फार जोर लावला तर मऊ ॲल्युमिनियमची रेल वाकते. मग फाळका उघडून-लावून बघा, कुठे घासत नाही ना. नंतर कव्हर पुढे अडकवून मागे सोडायचं. नवीन कव्हर घडीत राहिल्यामुळे सुरकुतलेलं आणि आखडलेलं असतं, ते आधी तासभर उन्हात पसरून ठेवा, व्हिनाइल उबेने सैल होतं आणि ओढून बसतं. गारठ्यात ताणायला गेलात तर मागची पट्टी फाळक्यापर्यंत पोचतच नाही आणि मापच चुकलं असं वाटतं. ताण कमीजास्त करायचे स्क्रू असतील तर दोन्हीकडे सारखेच फिरवा. आठवड्याभराने क्लॅम्प परत एकदा तपासा, धक्क्यांनी थोडे सैल होतात.

पाणी शंभर टक्के अडत नाही हे आधीच समजून घ्या, पुढच्या दोन कोपऱ्यांतून आणि फाळक्याच्या फटीतून थेंब येतोच, फाळक्याला वेगळी रबर पट्टी लावली तर बराच फरक पडतो. चोरीपासूनही अर्धवटच संरक्षण, माल नजरेआड राहतो पण चाकू चालवला की कापड फाटतं. वर पाणी किंवा बर्फ साचू देऊ नका, कापडाला खालून आधार देणाऱ्या आडव्या कमानी वाकतात. गाडी चालवताना गुंडाळी बांधलेलीच हवी. धुवायला साधा सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे, पेट्रोल-रॉकेल किंवा त्यातून बनलेलं पॉलिश लावू नये, व्हिनाइल कडक होऊन तडकतं, आणि वेल्क्रोत अडकलेली माती अधूनमधून ब्रशने काढा, ती साठली की पकड जाते.