मराठेशाहीतील गुन्हे व शिक्षा

सतराव्या-अठराव्या शतकांत मराठी मुलखात गुन्ह्याचा तपास, निवाडा आणि शिक्षा यांचा भार मुख्यतः गाव आणि गोत (भाऊबंद, वतनदार व बलुतेदार यांचा समुदाय) यांच्यावर होता. मिताक्षरेसारख्या धर्मशास्त्रग्रंथांना मान होता, पण रोजच्या व्यवहारात रूढी चाले. सर्व मुलखाला लागू असा लेखी कायदा नव्हता.

चोरीचे उदाहरण घ्यावे. चोरी झाली की गावचा जागल्या किंवा रामोशी चोराचा माग काढी. पावलाचे माप घेऊन तो शिवेपर्यंत जाई आणि माग पुढे गेला असेल, तर ते माप पलीकडच्या गावच्या राखणदाराच्या हवाली करी. माग ज्या गावात विरे, त्या गावाने चोर धरून द्यावा, नाहीतर नुकसान भरून द्यावे. त्यामुळे चोराला आसरा देणे साऱ्या पांढरीला, म्हणजे गाववस्तीला, महागात पडे.

वतनाचे आणि हद्दीचे तंटे गोतसभेत निघत. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे आणि बलुतेदार एकत्र बसत. दोन्ही पक्षांकडून निवाडा मान्य करण्याचे राजीनामे (संमतीपत्रे) आणि जामीन आधीच घेतले जात. निकालाच्या महजरावर, म्हणजे निवाडापत्रावर, नांगरापासून बलुतेदारांच्या हत्यारांपर्यंत ज्याची त्याची निशाणी उमटे. हरलेला येजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा कागद, लिहून देई. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम, घेई आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी, म्हणजे दंड.

साक्षीपुराव्याने उलगडा झाला नाही, तर दिव्य, म्हणजे खरेखोटे ठरवणारी कठोर कसोटी, करावे लागे. रवादिव्यात उकळत्या तेलातुपात धातूचा तुकडा टाकत. दिव्य करणाऱ्याचे हात धुऊन नखे काढत, आधीच्या जखमांची पाहणी करत आणि दावा लिहिलेला कागद त्याच्या कपाळाला बांधत. त्याने रवा बाहेर काढला की हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहर करत. ती साधारण तिसऱ्या दिवशी सर्वांसमोर उघडत. हात शाबूत असेल तर तो खरा, पोळला असेल तर खोटा. आज हे क्रूर वाटते आणि ते क्रूरच होते. पण दिव्याची वेळ येण्याआधीच पुष्कळ वादी माघार घेत आणि तडजोड होई, हेही लक्षात घ्यायला हवे.

फौजदारी गुन्ह्यांत दंड, जप्ती आणि किल्ल्यावरची कैद या शिक्षा नेहमीच्या होत्या. अंगच्छेदही होई. २८ जानेवारी १६४६ च्या पत्रानुसार रांझे गावच्या पाटलाने, बाबाजी गुजराने, बदअमल (गैरवर्तन) केल्यावरून शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडवले आणि पाटिलकी काढून घेतली. पुढे त्याच्याच गोतातल्या सोनजी गुजराने त्याचा सांभाळ पत्करला आणि पाटिलकी सोनजीला मिळाली. गुन्हेगार वतनदार असला तरी सुटला नाही, म्हणून हे पत्र मोलाचे आहे. राजद्रोहाला क्षमा नसे. सदाशिवरावभाऊंचा तोतया म्हणून मिरवलेल्या इसमाला १७७६ मध्ये डोक्यात मेखसू (लाकडी हातोडा) घालून ठार करण्यात आले.

गुन्हा एकच असला तरी शिक्षा जातीवर ठरे, आणि या पद्धतीचा सर्वांत मोठा अन्याय हाच. ब्राह्मणाला सहसा देहदंड नसे. त्याला कैद किंवा प्रायश्चित्त सांगत. बदकर्माचा आरोप शाबीत झालेल्या बाईला मात्र कुणबीण, म्हणजे दासी, करून सरकारी कोठीत किंवा किल्ल्यावर राबवत. स्वातंत्र्य गेले की ते परत मिळण्याची फारशी आशा नसे. दंडाबरोबर जातीची शुद्धीही करून घ्यावी लागे. गोताने पंक्तीला घेतल्याशिवाय माणूस गावात परतला असे कोणी मानत नसे.

पेशवाईत पुण्यात न्यायाधीशाचे पद प्रबळ झाले. १७५९ मध्ये त्या पदावर आलेल्या रामशास्त्री प्रभुण्यांनी नारायणरावांच्या १७७३ च्या खुनाबद्दल रघुनाथरावांना देहांत प्रायश्चित्त सांगितले, अशी परंपरा आहे. शहरातली कोतवाली मात्र तितकी निर्मळ राहिली नाही. कोतवाल घाशीरामाने कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी अनेक जण गुदमरून मेले, तेव्हा लोक खवळले आणि १७९१ मध्ये त्याला दगडांनी ठेचून मारण्यात आले.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने सुरुवातीला पंचायती चालू ठेवायचा प्रयत्न केला; १८२७ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यांनंतर निवाड्याचे काम कंपनीच्या अदालतींकडे गेले.