पठारावरची आषाढ आमरी आम्ही का विकत नाही

आषाढ लागला की आमच्या रोपवाटिकेत एक प्रश्न हमखास येतो. पन्हाळ्याकडं किंवा गगनबावड्याकडं फिरून आलेलं गिऱ्हाईक मोबाईल पुढं धरतं. फोटोत ओल्या गवतात जमिनीला चिकटलेलं एकच गोलसर पान, त्यातून वर आलेला वीतभर दांडा आणि टोकाला एक-दोन पांढरीशुभ्र फुलं. "हे रोप मिळंल का?" आमच्याकडं मिळणार नाही. का, ते घाईत काउंटरवर सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

फोटोतलं फूल बहुतेक वेळा आषाढ हबे-आमरीचं असतं. हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस हे तिचं शास्त्रीय नाव, ब्लॅटर आणि मॅककॅन यांनी १९३२ साली दिलेलं. आमरी म्हणजे ऑर्किड. ऑर्किड म्हटलं की आपल्याला झाडाच्या फांदीवरचा गुच्छ आठवतो. ही मात्र जमिनीत कंद धरून राहणारी.

तिचं घर म्हणजे आपल्या पश्चिमेकडचे सडे, म्हणजे खडकाळ सपाट पठारं, आणि गवताळ उतार. जांभ्या खडकावर जेमतेम काही बोटं माती, तीही आंबट आणि कसदार नसलेली. पावसाळ्यात तिथं पाणी झिरपत राहतं, दिवाळीनंतर माती कोरडी पडत जाते आणि चैत्र-वैशाखात दगड चटका देतो. अशा जागी मोठी झाडं तग धरत नाहीत, म्हणूनच या इवल्या रोपाला ऊन मिळतं. मृगाच्या पावसानं कंद जागा होतो, पान येतं, आणि गवत डोक्यावर जायच्या आत फुलून मोकळं होतं. पावसाळा सरता सरता वरचं सगळं वाळून जातं. पुढचे सात-आठ महिने ती आहे हे फक्त मातीला ठाऊक. त्याआधी जुन्या कंदाशेजारी नवा कंद तयार झालेला असतो, पुढच्या वर्षीचं रोप त्यातूनच येतं. फुलात असताना रोप उपटलं, तर तो नवा कंद अर्धाकच्चाच हातात येतो.

बियांचं गणित आणखी अवघड. एका बोंडात धुळीसारखं असंख्य बी असतं, पण त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. मातीतली ठरावीक बुरशी भेटली, तिनं पोसलं, तरच ते रुजतं. ती बुरशी कुंडीच्या पोत्यातल्या मातीत येत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत आम्हीही हे करून पाहिलंय. ओळखीच्या शेतकऱ्याच्या पड रानातून त्याला विचारून चार कंद आणले, मातीही तिथलीच. पहिल्या पावसाळ्यात चारही फुलले, आम्ही खूश. दुसऱ्या वर्षी दोनच पानं आली, फूल नाही. तिसऱ्या वर्षी कुंडी रिकामी. त्याचं वाईट आजही वाटतं. तेव्हापासून कुणी रानातून कंद आणून दिले तरी आम्ही घेत नाही. राधानगरी अभयारण्यातून तर परवानगीशिवाय काही उपटणं हा गुन्हाच आहे. २०१२ साली पश्चिम घाटाच्या ज्या जागा जागतिक वारसा ठरल्या, त्यांत राधानगरीही आहे.

घरी जमिनीतली ऑर्किड हवीच असेल, तर स्पॅथोग्लॉटिस घ्या. नर्सरीत वाढवलेली असते, जांभळी, पिवळी, पांढरी मिळते. पालापाचोळ्याचं खत, जाड वाळू आणि विटांचे तुकडे मिसळून लावा, सकाळचं ऊन द्या, पाणी तुंबू देऊ नका.

आषाढ आमरी पाहायची तर जून अखेर ते जुलै सड्यावर जा. १६६० साली याच दिवसांत महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडं निघाले, ती वाट मसाई पठारावरून जाते आणि दर पावसाळ्यात त्या वाटेनं मोहिमा निघतात. चालताना मळलेली पायवाट सोडू नका. गाडी पठारावर घालू नका, एका चाकाखाली किती पानं चिरडतात ते वरून दिसत नाही. फुलाशी गुडघ्यावर बसा आणि मागून निघालेली बारीक नळी पाहा. मध तिच्यात असतो. भाद्रपदात परत गेलात तर एका बाजूला ओळीनं फुलं असलेली टूथब्रश आमरी दिसेल, आणि नशीब असेल तर मोठ्या पांढऱ्या, झालरीच्या फुलांचा वाघचौराही.

फोटो घेऊन दुकानात या, नाव ओळखायला आम्ही आनंदानं मदत करू. फोटो सगळ्यांना पाठवा, नेमकी जागा मात्र कळवू नका.