बैलाची दाढ, माशाचा मणका

बैलबाजारात जाणकार गिऱ्हाईक आधी जनावराच्या तोंडात बघतं. खालच्या जबड्यातले पुढचे दात पाहून ते सांगतं: हा आदत (अजून दुधाच्याच दातांचा), हा दोन दाती, हा चार दाती, हा जुळलेला (सगळे कायमचे दात आलेला). दुधाचे दात पडून कायमचे दात जोडीजोडीनं येतात आणि हा क्रम ठरलेला असतो, म्हणून वयाचा अंदाज सहसा चुकत नाही. तीन-चार हजार वर्षांपूर्वी मेलेल्या बैलाचं वय काढणारे संशोधकही याच वाटेनं जातात. फक्त त्यांना पुढचे दात क्वचित मिळतात. ते जबड्यात सैल बसलेले असतात, मातीत विखुरतात. मग सगळी भिस्त दाढांवर. कोणती दाढ बाहेर आली आहे, कोणती अजून हाडाच्या आतच आहे, चारा चघळून चघळून तिचा माथा किती झिजला आहे, यावरून जनावर कितव्या वर्षी मेलं हे ठरतं.

उत्खननात सापडलेल्या जनावरांच्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या या शास्त्राला पुराप्राणिशास्त्र म्हणतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्याची प्रयोगशाळा आहे. तिथे आजच्या प्राण्यांचे सांगाडेही जपून ठेवलेले असतात, कारण जुन्या हाडाचा तुकडा ओळखायचा तर तो नव्या हाडाशेजारी ठेवून पाहावा लागतो. या शास्त्राबद्दल मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. जुनं हाड वाचायला आजचं जनावर माहीत असावं लागतं, आणि ते पाळणारा माणूसही.

एका जबड्यावरून एका जनावराचं वय कळतं. शेकडो जबडे मिळाले तर त्या गावाचा पशुपालनातला हिशोब उलगडतो. सेबॅस्टियन पेन या संशोधकानं १९७३ साली तुर्कस्तानातल्या अश्वान काले इथल्या शेळ्यामेंढ्यांच्या जबड्यांवरून याची पद्धत मांडली. मांसासाठी कळप पाळला असेल तर बहुतेक नर अंग भरेपर्यंत वाढवले जातात आणि मग कापले जातात. दुधासाठी पाळला असेल तर नर करडं फार लहानपणी जातात, म्हणजे आईचं दूध माणसाला उरतं. लोकरीसाठी पाळला असेल तर नर असो वा मादी, वय झालेली मेंढरंही कळपात राहतात.

पण हा हिशोब आपल्याकडच्या गाईगुरांना जसाच्या तसा लावता येत नाही. गोठ्यात धार काढणाऱ्या कुणालाही विचारा: वासरू समोर नसलं की देशी गाय पान्हा चोरते. ज्या गाईला वासराशिवाय पान्हा फुटत नाही, तिचं वासरू दुधासाठी मारणं म्हणजे दूधच घालवणं. म्हणून लहान वासरांची हाडं कमी सापडली, एवढ्यावरून त्या लोकांना दुधाचा उपयोग माहीत नव्हता असं म्हणता येत नाही. दुसरा पुरावा शोधावा लागतो.

तसा पुरावा कच्छमधल्या कोटडा भडली या सिंधू संस्कृतीच्या वस्तीत मिळाला. कल्याण शेखर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मातीच्या भांड्यांत मुरलेली स्निग्ध द्रव्यं तपासली. ५९ खापरांपैकी २१ खापरांत दुधाचे अंश सापडले. हे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झालं, खापरं इ.स.पू. २५०० च्या सुमाराची. दातांनीही तेच सांगितलं: शेळ्यामेंढ्या बऱ्याचशा कमी वयात मेलेल्या होत्या, तर गाईम्हशी जास्त जगल्या होत्या. पहिल्या मांसासाठी, दुसऱ्या दुधासाठी. खापर आणि दाढ अशी एकमेकांना दुजोरा देतात तेव्हा निष्कर्षावर विश्वास ठेवावासा वाटतो.

आपल्या देशी गुरांची ओळखच वशिंड. ते मांस आणि चरबीचं, त्यामुळे मातीत त्याचा मागमूस राहत नाही. पण त्याच्या आसपासच्या पाठीच्या मणक्यांचे उभे काटे टोकाला दुभंगलेले असतात, आणि हाडावरची ही खूण हजारो वर्षं टिकते. बलुचिस्तानातल्या मेहरगढला रिचर्ड मेडो यांनी थराथरानं हाडं मोजली. इ.स.पू. ७००० च्या सुमाराच्या सुरुवातीच्या थरांत चिंकारासारखे रानटी प्राणी भरपूर आहेत. वरच्या थरांत ते घटत जातात आणि गाईगुरं, शेळ्यामेंढ्या वाढत जातात. शिवाय गुरांचा आकारही पिढ्यानुपिढ्या लहान होत जातो, आणि हे जनावर माणसाळल्याचं ठळक लक्षण आहे. वशिंडवाली गुरं बाहेरून आली नाहीत, याच भागात माणसाळली, हा निष्कर्ष हाडांवरून निघाला. पुढे जनुकीय अभ्यासानंही त्याला आधार दिला.

महाराष्ट्रात या कामाचं मोठं ठिकाण म्हणजे इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात नांदलेलं ताम्रपाषाणयुगीन गाव. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं इथे उत्खनन केलं, पी. के. थॉमस आणि सीमा पवनकर यांनी हाडांचा अभ्यास केला. सर्वाधिक हाडं गाईबैलांची. त्यांच्यावर कापल्याच्या खुणा आहेत, भाजल्याचे डाग आहेत. म्हणजे ही जनावरं शेतात राबत होती आणि खाल्लीही जात होती. शेळ्यामेंढ्या आहेत, हरणंही आहेत. इ.स.पू. १००० नंतर चित्र पालटतं. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, गुरांचं प्रमाण उतरतं, शेळ्यामेंढ्या आणि शिकार वाढते. पाऊसमान घटलं, शेती खालावली आणि लोक मेंढपाळीकडे वळले, अशी मांडणी पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी केली. ती सगळ्यांना मान्य नाही. पण वाद घालायलाही मोजलेली हाडं हाताशी असावी लागतात, आणि ती आहेत हे या उत्खननाचं मोठेपण.

बैल नांगराला जुंपला जात होता की नाही, हे पायांवरून कळू शकतं. वर्षानुवर्षं ओढकाम केलेल्या बैलाच्या खुरांजवळची हाडं रुंदावतात, त्यांच्या कडांना वाढ येते, सांधे घासून गुळगुळीत होतात. म्हातारपणानं आणि वजनानंही असंच होतं, मग फरक कसा करायचा? बार्तोसिएविच, व्हॅन नीर आणि लेन्टाकर यांनी त्यासाठी रुमानियातल्या ओढकामाच्या बैलांचे पाय तपासले आणि १९९७ साली निष्कर्ष मांडले. पण रुमानियाचा बैल म्हणजे खिल्लार नव्हे, आणि तिथली जमीन म्हणजे आपली काळी माती नव्हे. किती वर्षं औत ओढलं, किती वर्षं मोट, किती वर्षं गाडी, हे मालकाला ठाऊक असलेल्या खिल्लार, डांगी, देवणी बैलांचे सांगाडे जपायला हवेत. ट्रॅक्टर आल्यापासून शिवारात बैल कमी होत चालले आहेत. जन्मभर राबलेला बैल दिसणंच दुर्मीळ झालं, तर इनामगावच्या बैलाचा पाय कशाशी ताडून पाहायचा?

आता मासे. इथे अडचण निराळी आहे: माशाची हाडं सापडण्याआधीच हरवतात. मजूर खणतो, हाताला लागेल ते वेचतो, उरलेली माती ढिगाऱ्यावर जाते. बैलाची मांडी कुणाच्याही नजरेस पडते. माशाचा मणका ज्वारीच्या दाण्याएवढाही असू शकतो. ग्रीसमधल्या सितग्रोई इथे पेन यांनी माती चाळून पाहिली, तेव्हा हातानं वेचताना शेळ्यामेंढ्यांची लहान हाडंसुद्धा मोठ्या प्रमाणात निसटतात हे दिसलं. मग माशांची काय कथा! ‘या वस्तीत मासेमारी नव्हती’ असं एखाद्या जुन्या अहवालात वाचलं की मी आधी पाहतो, माती चाळली होती का, आणि कोणत्या चाळणीनं. कितीतरी गावं कागदोपत्री मासे न खाणारी ठरली असतील ती केवळ चाळणी न वापरल्यानं.

चाळणीच्या पलीकडे आणखी एक गाळणी असते, हाडांचीच. बोंबलाची हाडं इतकी मऊ की मातीत टिकण्याची आशा कमी. मुशी (शार्क) आणि पाकट (रे मासा) यांच्या अंगात हाड नसतं, लवचिक कूर्चा असते. त्यांचे दात आणि मणके तेवढे उरतात. शिंगाळ्याचे (कॅटफिशचे) कडक काटे मात्र चिवट असतात. म्हणजे शिंगाळे जास्त सापडले तर लोक शिंगाळेच जास्त खात होते, असं लगेच म्हणता येत नाही.

शिंगाळ्याचं नाव मुद्दाम घेतलं. पाकिस्तानी पंजाबातल्या हडप्पा या सिंधू संस्कृतीच्या शहरात समुद्री शिंगाळ्यांची हाडं सापडली आहेत, आणि हडप्पापासून समुद्र सरळ रेषेतही साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. रावीकाठच्या माणसाला नदीचे मासे हवे तेवढे मिळत होते, तरी समुद्राची मासळी इतक्या दूर जात होती. ताजी जाणं अशक्य. ती सुकवून किंवा खारवून नेली असणार, असं विल्यम बेल्चर मांडतात. त्यांनी निव्वळ हाडं मोजली नाहीत. सिंधूच्या खोऱ्यातल्या आणि मकरान किनाऱ्यावरच्या आजच्या मच्छीमारांची जाळी, मासा चिरण्याची पद्धत, टाकाऊ भाग कुठे फेकतात, हे सगळं त्यांनी टिपलं आणि मग जुन्या ढिगाऱ्याकडे पाहिलं. मकरानच्याच बाजूला, बालाकोट या किनाऱ्यावरच्या वस्तीत, माशांची बहुतेक हाडं एकाच जातीची निघाली. कोकणात करकरा म्हणतात, त्या कुळातला तो मासा. एकाच जातीचे एवढे मासे म्हणजे नियमित, माहितगार मासेमारी.

सुकी मासळी ओळखायची सोपी खूण म्हणजे नसलेली डोकी. मासा किनाऱ्यावरच डोकं काढून वाळवला, तर डोक्याची हाडं किनाऱ्यावर राहतात आणि मणके गिऱ्हाइकाच्या गावी जातात. युरोपात कॉड माशाचा व्यापार असाच उकलला. जर्मनीतल्या हैथाबू या जुन्या बंदरात सापडलेल्या कॉडच्या हाडांतला डीएनए २०१७ साली तपासला, तेव्हा सुमारे हजार वर्षांपूर्वीचे ते मासे उत्तर नॉर्वेच्या समुद्रातले निघाले.

आपल्याकडे कोकणातून घाटावर सुकट, बांगडा, बोंबील जाण्याची वाट जुनी आहे. तिची हाडं ओळखायची तर घाटमाथ्यापलीकडच्या उत्खननांत दोन मिलिमीटरची चाळणी हवी, आणि शेजारी ठेवून पाहायला कोकणातल्या माशांच्या हाडांचा संग्रह. त्यात माशाच्या नावासोबत तो डोक्यासकट वाळवतात की डोकं काढून, पोटातून चिरतात की पाठीतून, याची नोंद हवी. ही माहिती मासळी वाळवणाऱ्या कोळणींकडे आहे. ती त्यांच्याकडे जाऊन, त्यांच्या नावानिशी नोंदवायला हवी.