सायमीजचा काळा डाग: दृष्ट नव्हे, तापमान

मुंबईतले चाकरमानी गणपतीला येताना हल्ली पिंजऱ्यातून सायमीज मांजर घेऊन येतात आणि पुष्कळदा ती कोकणातल्या घरीच राहते. निळे डोळे, दुधाळ अंग, तोंड-कान-पाय-शेपटी काळपट. गाव कौतुक करतं. मग तिची नसबंदी होते, कुशीवरचे केस भादरले जातात आणि काही आठवड्यांनी त्याच चौकोनात नवे केस येतात ते चक्क गडद तपकिरी! लगेच निदानं सुरू होतात. कुणी म्हणतं इंजेक्शन बाधलं, कुणी म्हणतं डॉक्टरांनी भाजलं, आणि 'एवढी गोरी मांजर, दृष्टच लागली' हे तर ठरलेलं.

डॉक्टरांचा यात काही दोष नाही. ती जागा थोडी गार पडली, एवढंच.

केसांचा काळा-तपकिरी रंग मेलॅनिनचा. ते केसाच्या मुळाशी असलेल्या रंगपेशींत बनतं. टायरोसीन या अमिनो आम्लापासून डोपा, डोपापासून डोपाक्विनोन आणि पुढे मेलॅनिन अशी ती साखळी आहे. तिच्या पहिल्याच पायऱ्यांवर टायरोसिनेज नावाचं विकर म्हणजे एन्झाइम काम करतं. ते बंद पडलं की पुढचं सगळं अडलं. सायमीजमध्ये या विकराच्या जनुकात एका अक्षराचा बदल झालेला आहे. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत एका ठिकाणी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन बसतं. ग्लायसीन हे सगळ्यांत लहान अमिनो आम्ल, तर आर्जिनीन लांबलचक आणि वर धनभारित. अशा पाहुण्यामुळे प्रथिनाची त्रिमितीय घडी डळमळीत होते. अंगाच्या उष्णतेत ती टिकत नाही, जरा गारव्यात टिकते.

मांजरीच्या शरीराचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. पोट आणि पाठ उबदार, म्हणून तिथे विकर जवळजवळ निकामी आणि केस फिके. कानाच्या पाळ्या, नाक, पंजे, शेपूट ही टोकं काही अंशांनी थंड, म्हणून तिथे रंगाचा कारखाना चालू. पिल्लं आईच्या पोटातल्या ऊबेत वाढतात, म्हणून जन्मतः जवळजवळ पांढरी असतात आणि काही दिवसांनी टोकं काळवंडू लागतात. कुणी जन्मतःच काळ्या तोंडाचं सायमीज पिल्लू दाखवलं तर शंका घ्यावी.

खोबरेल थंडीत थिजतं आणि उन्हात पुन्हा पातळ होतं. केसाचं तसं नाही. मुळाशी असताना जो रंग भरला तो भरला, कारण बाहेर आलेला केस निर्जीव. म्हणून भादरलेल्या, उघड्या, गार कातडीत उगवलेला गडद केस नंतर ऊब मिळाली तरी फिका होत नाही. तो गळून त्या जागी नवा यावा लागतो. इल्यिन या रशियन संशोधकांनी १९३० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दाखवलं: भादरलेली जागा थंडीत ठेवली तर केस गडद, उबेत ठेवली तर फिके. त्याच हिशेबाने वेंगुर्ल्याच्या उकाड्यात वाढलेली सायमीज महाबळेश्वरच्या बहिणीपेक्षा फिकी राहायला हवी. वय वाढलं की मात्र अंगही हळूहळू गडद होतं. तो आजार नव्हे.

हा गुण अप्रभावी आहे, आई-बाप दोघांकडून बदललेली प्रत मिळाली तरच दिसतो. गावठी बोक्याशी जुळलेल्या सायमीजची पिल्लं बहुधा साध्याच रंगाची होतात. 'फसवलं' म्हणून ओरडण्याआधी पडवीत रात्री कोण येतो ते बघावं.

मेलॅनिनच्याच कमतरतेमुळे रात्री बॅटरी मारली की हिचे डोळे तांबडे चमकतात, इतर मांजरांसारखे हिरवट नाही. भुताटकीचा इथे संबंध नाही. काही सायमीज तिरळ्या असतात त्याचं मूळही इथेच: भ्रूणावस्थेत डोळ्यांतल्या रंगद्रव्याचा आणि दृष्टिचेतांच्या वाटेचा संबंध असतो. रंगद्रव्य कमी पडलं की काही तंतू मेंदूच्या चुकीच्या बाजूला जातात. मांजर त्यावर निभावून नेते, उपचार लागत नाही.

पावसाळ्यात मात्र प्रत्येक डाग तापमानाचा समजू नये. नवे गडद केस गुळगुळीत कातडीवर, दाट आले असतील तर बिनघोर. गोल टक्कल, कडेला कोंड्यासारखी खपली, तुटके केस असतील तर ती बुरशी. आपल्या दमट हवेत ती फोफावते आणि माणसांनाही गजकर्ण देते. त्यावर हळद-खोबरेल लावून उपयोग नाही, मांजर ते चाटून टाकते. तापाला माणसाची पॅरासिटामॉल तर मुळीच नको. मांजरीच्या यकृताला ती नीट निकामी करता येत नाही, अर्धी गोळीही जिवावर बेतू शकते. रोज नुसते कच्चे पेडवे घालणंही बरं नव्हे. त्यातला थायामिनेज हा घटक बी१ जीवनसत्त्व मोडतो. शिजवून, काटे काढून, अधूनमधून घालावेत.

खरी काळजी घ्यायची ती श्वासाची. सायमीजमध्ये दमा अधिक आढळतो. बंद खोलीत रात्रभर जळणारी मच्छर अगरबत्ती, भिंतीवरची ओल आणि दृष्ट काढायला निखाऱ्यावर टाकलेल्या मिरच्या ही तिन्ही तिला घातक. दम्याची मांजर अंग आखडून बसते, मान पुढे ताणते आणि खोकते. घरच्यांना वाटतं केसांचा गोळा अडकलाय, पण गोळा काही पडत नाही. अशा वेळी मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवावं, दवाखान्यात पोचेपर्यंत खोकला थांबलेला असतो. झोपलेली असताना मिनिटाचे श्वास मोजावेत. तीसच्या वर वारंवार जात असतील तर दाखवून आणावं. आणि तोंड उघडं टाकून धापा टाकू लागली तर सकाळची वाट न बघता रात्रीच रिक्षा सांगावी.